न पाठवलेल्या जोड्याचं मत

१

मावशीने मत दिलंच नव्हतं, आणि तरीही तिच्या मताने आम्ही हरलो. चोरी झाली ती एवढीच. पण आमचे नियम ठाऊक नसतील तर ती चोरी तुमच्या डोळ्यांदेखत होईल आणि तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधी नियम सांगते.

आमचा बुटांचा कारखाना आहे. मालक कोणी नाही. अकरा सभासद, अकरा मतं. कातडं कापणाऱ्याचं एक, डब्यात बूट भरणाऱ्याचंही एकच. मी वरच्या कातड्याच्या शिलाईच्या टेबलावर बसते. मला सगळे आरी म्हणतात, म्हणजे कातड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार. हे नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण बदलावंसं मला कधी वाटलं नाही.

त्या रविवारी ठराव होता कारखाना एका मोठ्या कंपनीच्या हवाली करण्याचा. कंपनी सगळ्यांना पगारावर ठेवणार होती. सगळ्यांना म्हणजे शिलाईचं टेबल सोडून. टेबलाच्या जागी यंत्र येणार होतं, आणि टेबलावरच्या आम्ही पाच बायका घरी जाणार होतो. ठराव मांडला आमच्या अध्यक्षांनी, जे कातडं कापतात आणि माझे सख्खे धाकटे दीर लागतात. तुम्ही कोणाच्या बाजूने असं नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ माझा, बायको माझी. मी सभासद नाही याचा आज पहिल्यांदा आनंद झाला."

बाजू उघड होत्या. भाऊजी, त्यांच्या हाताखालचे दोघे कापणारे आणि मावशीचा जावई, हे चौघे ठरावाच्या बाजूने. विरोधात आम्ही टेबलावरच्या: मी, माझी मैत्रीण बडबडी, दोघी बहिणी आणि पाय मोडून घरी पडलेली मावशी. शिवाय पॉलिशवाला आणि उस्ताद. उस्ताद म्हणजे आमचे बुटाचा तळ शिवणारे बुजुर्ग कारागीर. त्यांनी सभेत उठून ठणकावलं, "यंत्राने शिवलेला बूट घालण्यापेक्षा मी अनवाणी फिरेन." आम्ही टाळ्या वाजवल्या. सात विरुद्ध चार. मावशी आली नाही तरी सहा विरुद्ध चार. मतं समसमान झाली तर आमच्याकडे ठराव पडतो. मी निर्धास्त होते.

मतदान गुप्त. पूर्वी दुकानाच्या काचेत शोभेला ठेवलेला एक राक्षसी बूट आहे, तो पडद्यामागे ठेवतात. एकेकाने आत जायचं आणि कातड्याचा एक तुकडा त्यात टाकायचा. तपकिरी म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार.

आणि जो येऊ शकत नाही त्याचा जोडा मत देतो. कारखान्यात येणारा प्रत्येक जण पहिला जोडा स्वतःसाठी, स्वतःच्या हाताने शिवतो. तीच त्याची सही. सभेचं दार बंद व्हायच्या आत तो जोडा त्याच्या खुर्चीवर हवा, डाव्या बुटात मताचा तुकडा घालून. अध्यक्ष तो न बघता मोठ्या बुटात पालथा करतात आणि जोडा ठराव पक्का होईपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवतात. जोडा कोणी आणला हे विचारायचं नाही, आणणारा नुसता हमाल. ज्याचा जोडा तो स्वतः आला की जोडा खुर्चीवरून खाली.

मी आत आले तेव्हा मावशीचा जोडा तिच्या खुर्चीवर होता. मला जरा वाईट वाटलं. आजवर तिने कधी जोडा पाठवला नव्हता. पाय मोडला आणि ताठाही मोडला, असं मनात आलं.

भाऊजींनी तुकडे मोजले. मग पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना त्यांची बोटं थरथरत होती.

"सहा तपकिरी," ते म्हणाले, "पाच काळे. ठराव मंजूर."

२

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले ते भांडायलाच. ती लेकीकडे राहते, तिसऱ्या मजल्यावर. पलंगावर पाय पुढे करून बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये.

"मावशी, तुझा तुकडा कुठल्या रंगाचा होता तेवढं सांग. मग मी जाते."

"कसला तुकडा?"

"जोड्यातला."

"मी कशाला जोडा पाठवू?" मावशीचा आवाज चढला. "माझं तोंड शाबूत असताना माझा जोडा का बोलेल? मी रविवारी सकाळपासून तयार होऊन बसले होते. या जावयाला म्हटलं, खुर्चीत बसव आणि खाली उतरव. तर म्हणे लिफ्ट बंद आहे, डॉक्टर ओरडतील. तो गेला निघून आणि मी बसले भिंतीकडे बघत."

जावई दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

"लिफ्ट खरंच बंद होती?" मी विचारलं.

"चालू होती," तो पुटपुटला. "त्यांना आणलं असतं तर त्या आमच्या विरुद्ध बोलल्या असत्या. बोलायला लागल्या की थांबत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. पण जोडा मी नेला नाही, आईशप्पथ; खुर्चीवर दिसला तेव्हा वाटलं, त्यांनीच कोणाच्या हाती धाडला."

"मग तुझा जोडा कुठाय, मावशी?"

मावशीने पलंगाखाली काठी घातली आणि एक बूट बाहेर ढकलला. मग दुसरा.

मी तो डावा बूट हातात घेतला. जुनं मऊ पडलेलं कातडं, बाहेरून झिजलेली टाच, आणि मागच्या पट्टीवर ती प्रसिद्ध वाकडी शिवण. पहिल्या दिवशी मावशीचा हात घाबरला होता, शिवण एका बाजूला पळाली आणि मग परत आली. तोच जोडा घालून ती रोज कामावर यायची आणि सगळे तिला चिडवायचे. कारखान्यात कुलूपबंद असलेल्या जोड्यावरही अगदी हीच शिवण मी काल डोळ्यांनी पाहिली होती.

३

भाऊजी कापायच्या फळीवर वाकले होते.

"कपाट उघडा. माझी हरकत आहे."

"वहिनी, हरलं की तुम्हाला नियम आठवतात."

"हरल्यावरच आठवतात, भाऊजी. जिंकलेल्यांना कधी लागतात?"

ठराव पक्का होईपर्यंत कोणाही सभासदाला जोडा बघायचा हक्क आहे. त्यांनी मुकाट्याने किल्ली काढली. मी मावशीचा जोडा पिशवीतून काढून फळीवर ठेवला, शेजारी कपाटातला. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. एक मावशी आणि दोन जोडे! टाचेची झीज तीच, पुढचा चरा तोच, मागची वाकडी शिवण तीच. खोटा जोडा नाकाला लावला तेव्हा कळलं. घामाचा वास नव्हता, नव्या मेणाचा होता.

"मी नाही केलं," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही नाहीच केलं. तुम्हाला शिवता कुठे येतं? तुमचा पहिला जोडा तुमच्या लग्नातच उसवला होता."

ते चिडले, पण खरं होतं. आणि रविवारी त्यांची बोटं का थरथरत होती ते मला आत्ता उमजलं. चोराला आकडा आधी माहीत असतो, तो तीन-तीनदा मोजत बसत नाही. भाऊजी हरायच्या तयारीने आले होते.

जावईही सुटला. त्याला खोटा जोडा शिवायची गरजच काय? खरा त्याच्या घरात, पलंगाखाली होता. तुकडा घालून उचलून आणला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. ज्याच्या हाताला खरा जोडा लागत नव्हता त्यालाच नवा करावा लागला.

"मग कोण?" भाऊजींनी विचारलं. आता ते माझ्याइतकेच अस्वस्थ होते, आणि मला त्यांची पहिल्यांदाच थोडी दया आली.

मी कातड्याचे तुकडे घेऊन फळीवर मांडले. चार तपकिरी, उघड बाजूचे. त्यांत भर खोट्या जोड्यातल्या एकाची. झाले पाच. समोर आमचे सहा काळे. मी दोनदा मांडून पाहिलं.

एका खोट्या मताने ठराव पास होतच नव्हता. पाच विरुद्ध सहा, तरी पडला असता. हरायला कोणी चोरी करत नाही. म्हणजे जोडा करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की आमच्यातला एक काळा तुकडा तपकिरी होणार आहे. तो झाला की खोट्या मताशिवाय पाच-पाच, म्हणजे समसमान, आणि जिंकायला वर एक मत हवं. आणि पडद्यामागे कोण काय टाकणार हे फक्त टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं.

चोर त्या चौघांत नव्हता. तो आमच्यात बसून टाळ्या वाजवत होता.

४

आमच्यात म्हणजे मी सोडून सहा जण उरले. त्यातली मावशी घरी. पॉलिशवाल्याला दोरा ओवायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला दुसरा चष्मा. दोघी बहिणी पायाने चालवायच्या मशीनवर वाघिणी, पण हाती आरी दिली की बोटं भोसकून घेतात. उस्ताद यंत्राच्या नावाने सभेत गरजले होते. टेबलावर हाताची शिवण त्यातल्या त्यात बरी ती एकीचीच.

बडबडीची आणि माझी खुर्ची शेजारी. मावशीला भेटायला ती वरचेवर जायची. मावशी म्हणाली होती, बाईने एकदा माझा जोडा पायात घालून खोलीभर मिरवला.

मी तिला मागच्या जिन्यात गाठलं. दोन्ही जोडे दाखवले, हिशेब सांगितला. ती पहिल्यांदा हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग माझं तोंड बघून हसू थांबलं.

"तू मला विचारतेयस?"

"हो."

"माझा तुकडा काळा होता."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही!" ती अशी ओरडली की वरच्या पायरीवरचं मांजर पळालं. "गुप्त मताला पुरावा नसतो, आरी. शेजारी बसणारीवर विश्वास असतो नाहीतर नसतो. इतकी वर्षं माझ्या ताटातलं खाल्लंस, आणि आज बोट माझ्याकडे? तुझं मत काळं होतं हे मी तरी कशावरून मानू? तुझा सख्खा दीर आहे तिकडे."

मी जोडे पिशवीत भरू लागले.

"पुढच्या मतदानाला बघशील," ती म्हणाली आणि पायऱ्या आपटत खाली गेली.

मला राग आला, मग लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. टेबलावर तिची खुर्ची रिकामी होती. तिचं अर्धवट काम पडलेलं होतं, एक बुटाचं तोंड, हाताने शिवलेलं. मी ते उगाच उचललं. बडबडी शिवताना बोलते, आणि बोलताना हसू आलं की टाका ओढते. सात-आठ सरळ टाके, मग एक ताणलेला. तिची सगळी शिवण अशीच असते. कुठल्या टाक्याला तिने विनोद केला ते सुद्धा सांगता येईल.

मी झटकन पिशवीतून खोटा जोडा काढला आणि खिडकीशी नेला.

५

मावशीच्या खऱ्या जोड्यावरची वाकडी शिवण नीट बघितली की कळतं, वाकडी नुसती रेघ नाही. जिथे शिवण पळाली तिथे टाके लांब लांब आहेत. जिथे तिला चूक समजली तिथे एकावर एक दाटले आहेत, दोन तर एकाच भोकात गेले आहेत. घाबरलेल्या पोरीचा हात तिथे दिसतो.

खोट्या जोड्यावर रेघ अगदी तशीच वाकडी होती. तेच वळण, तोच परतीचा बाक. पण टाके? सगळे एका मापाचे. सारख्या अंतरावर, सारख्या ताणाचे, शेवटपर्यंत. करणाऱ्याने झीज नक्कल केली, चरा नक्कल केला, वाट सुद्धा वाकडी धरली. पण त्याच्या हाताला वाईट टाका घालताच आला नाही. कदाचित त्याला ते जाणवलंही नसेल. आमच्याकडे असा हात एकच आहे.

 माझं लक्ष फळीवरच्या एका बुटाकडे गेलं. उस्तादांनी बनवलेला, शिसवी रंगाचा, अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतका देखणा बूट नाही. गेल्या वर्षी त्यांनी तो सभेपुढे ठेवला होता. बनवायला वेळ फार लागतो म्हणून आम्ही तो मताने पाडला. मीही नकाराचाच तुकडा टाकला होता. ते तेव्हा हसून म्हणाले होते, "पंचांचा निर्णय." त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा बोलावली. भाऊजींनी अध्यक्ष म्हणून ती बोलावली, आणि कटकट न करता बोलावली, हे मी मान्य करते. मावशीला या वेळी खुर्चीसकट जावयाने उचलून आणलं, कारण मावशीने घरी त्याचं जेवण बंद केलं होतं. बडबडी माझ्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसली.

मी दोन्ही जोडे मध्ये ठेवले आणि तुकड्यांचा हिशेब मांडला. मग म्हटलं, "टाके बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

जोडे हातोहात फिरले. पॉलिशवाल्याने चष्मा लावून बघितले. उस्तादांपर्यंत आले तेव्हा त्यांनी खोटा जोडा उचलला, अंगठा शिवणीवरून फिरवला, आणि थांबले.

"हात बिघडवता आला नाही," ते म्हणाले. आवाजात लाज नव्हती, थोडी चीडच होती. "हो. मीच केला."

दोघी बहिणींपैकी धाकटी रडायलाच लागली. "उस्ताद, तुम्ही तर म्हणालात अनवाणी फिरेन."

"कंपनीचा माणूस म्हणाला, तुमचा बूट करू. वेगळी खोली, माझ्या हाताखाली माणसं, यंत्र नाही. एवढंच पाहिजे होतं मला." ते उठून उभे राहिले. "तुम्ही सगळे बसता आणि तुकडे टाकून ठरवता बूट चांगला की वाईट. पॉलिशवाल्याचं एक मत, माझंही एकच. चाळीस वर्षं कातडं शिवलं मी. ते मतांनी शिवलं जात नाही!"

"बूट मतांनी शिवला जात नाही, खरं आहे," मी म्हटलं.  "पण कोणाच्या पोटावर पाय द्यायचा ते तुम्ही एकट्याने ठरवायचं? आम्ही तुमचा बूट पाडला तो तुमच्या तोंडावर पाडला, उस्ताद. तुम्ही आमचं टेबल मावशीच्या तोंडाने मोडलंत, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं."

 मावशीने आपला खरा जोडा मागून घेतला आणि मांडीवर ठेवला.

६

भाऊजी म्हणाले, "मागचं मतदान रद्द. ठराव पुन्हा मताला. आणि उस्तादांना सभासदत्वावरून दूर करून मगच मत घ्यायचं. बरोबर ना, वहिनी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात मांडलं. उस्ताद बाहेर गेले तर उरले दहा. बडबडीने रागाने तिकडे मत टाकलं तरी पाच-पाच, आणि ठराव पडला. टेबल वाचलं. उस्ताद आत राहिले तर सगळं त्या लांबच्या खुर्चीवर अवलंबून, आणि तिथे जी बसली होती तिला मी चोर म्हटलं होतं. भाऊजींना हा हिशेब कळत नव्हता असं नाही. स्वतःचा ठराव पडेल हे दिसत असूनही त्यांनी मला वाट काढून दिली होती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"उस्तादांचं मत घ्यायचं. शिक्षा द्यायची ती नंतर, वेगळी सभा बोलावून, त्यांचं म्हणणं ऐकून. आज त्यांना उठवून आपण जिंकलो तर त्यांनी केलं तेच आपण केलं. एकाचं मत दुसऱ्याने ठरवलं."

"आरी, डोकं फिरलंय का तुझं?" पॉलिशवाला कुजबुजला. "हातात आलेलं घालवतेस."

"फिरलंय. पण नियम जिंकणाऱ्यांसाठी नसतात, हे मीच बोलले आहे. माझा शब्द मला गिळता येत नाही."

उस्ताद माझ्याकडे वळले. "मी तुमच्या विरुद्ध मत देणार," ते म्हणाले. "आत्ताच सांगतो."

"द्या की. पण उघड द्या."

"उघडच होऊ दे," मावशी खुर्चीतून म्हणाली. "पडदा काढा. आज ज्याला जे वाटतं ते त्याने हात वर करून सांगावं. मला तर एवढ्यासाठी तीन मजले उतरवून आणलंय." कोणाची हरकत नव्हती. राक्षसी बूट कोपऱ्यात सरकवला.

ठरावाच्या बाजूने हात वर झाले. भाऊजी, दोघे कापणारे, जावई, त्याने सासूकडे न बघता. मग उस्ताद, पाचवे. त्यांचा हात सगळ्यांत सरळ होता.

मी बडबडीकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

"विरोधात," भाऊजी म्हणाले.

मावशीने काठी वर केली. मी, दोघी बहिणी, पॉलिशवाला. पाच. भाऊजी थांबले.  

"सहा," भाऊजी म्हणाले.

मी वळून बघितलं. बडबडीचा हात वर होता, आणि तोंड फुगलेलं होतं.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "टेबलासाठी. तुझ्याशी मी बोलत नाही."

"बोलतेयस की."

"हे शेवटचं."

दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी मारली. मावशीने जावयाला पाणी आणायला सांगितलं, आणि तो धावत गेला. भाऊजींनी ठराव नामंजूर असं मोठ्याने म्हटलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, घरी दादाला सांगू नका मी हरलो." मी म्हटलं, त्याला दोन्हीकडून आनंदच होणार आहे.

लोक पांगले. उस्ताद आपल्या बाकाशी गेले आणि आऱ्या, सुया एकेक करून फडक्यात गुंडाळू लागले. त्यांची पाठ वाकलेली दिसत होती. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे, पण त्या बाकावर दुसरं कोणी बसलेलं मला डोळ्यांपुढे आणता येईना.

ते फडकं काखेत धरून दाराशी आले आणि थांबले.

"उद्या येऊ का कामावर?"

"ते मी एकटी कशी सांगू?" मी म्हटलं. "मताला टाकावं लागेल."

त्यांनी फडकं दुसऱ्या काखेत घेतलं.

"टाका," ते म्हणाले.